फलाटावर कोणी नव्हतं

पिंपळथडीवरून दिवसभरात शंभरेक गाड्या जातात आणि गावाला सगळ्यांच्या शिट्ट्या सारख्याच. एक सोडून. दोन आखूड, एक लांब, आणि तिच्या टोकाला जराशी शेपटी. ही शिट्टी ऐकू आली की कांदा निवडणाऱ्या बायासुद्धा मान वर न करता म्हणायच्या, "फारुख चालला."

फारुख पिंजारी हा गावातला एकुलता एक रेल्वे डायव्हर. बाप गाद्या भरायचा, तो गेला. आई अनवरीबी अजून गावातच, रुळांच्या कडेच्या दोन खोल्यांत. फारुख स्वतः नाशिकरोडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये बायकोमुलांसह राहायचा आणि मालगाड्या चालवायचा. मालगाडीला वेळापत्रक नसतं, त्यामुळे तो कधी जाईल याचा नेम नसे. पण जाईल तेव्हा आईच्या दारासमोर शिट्टी ठरलेली. त्यात नियमाबाहेरचं काही नव्हतं. गावच्या फाटकाआधी रुळाच्या कडेला एक पिवळी पाटी आहे, तिच्यावर काळ्या अक्षरांत 'सी/फा' लिहिलंय, म्हणजे पुढे फाटक आहे, शिट्टी वाजवा. ही पाटी नेमकी अनवरीबीच्या मागच्या दारासमोर रोवलेली. सरकारने नियम केला, फारुखने त्याला शेपटी जोडली, एवढंच. शिट्टी झाली की अनवरीबी हातातलं टाकून दारात यायची, पदर हलवायची, आणि इंजिनाच्या खिडकीतून एक हात बाहेर यायचा. अकरा वर्षं हा कार्यक्रम चालला. अकरा वर्षांत तो हात एकदाही विसरला नाही. एखाद्या वेळी विसरला असता तर बरं झालं असतं, असं फारुखला पुढे फार वाटलं.

त्याला रेल्वेत घातलं सहादूबाबांनी. सहादूबाबा रेल्वेत चावीवाले होते. खांद्यावर हातोडा टाकून रोज रूळ पायी तपासायचा, रुळाला पकडून ठेवणारी लोखंडी चावी ढिली झाली असेल तर ठोकून बसवायची, हे त्यांचं काम. गाडी आली की बाजूला होऊन ताठ उभं राहायचं आणि इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत गाडी नजरेखालून घालायची, कुठे काही लोंबतंय का, कुठल्या चाकातून धूर येतोय का, हाही नियमच. निवृत्त झाल्यावर हातोडा सुटला, ही खोड सुटली नाही. गाडी दिसली की म्हातारा हातातला चहाचा कप ठेवून उभा. धाकट्या नातीच्या बारशाला आलेले पाहुणेही त्यांनी तसेच ताटकळत ठेवले होते.

त्यांचा आणखी एक किस्सा गावाला पाठ होता. तरुणपणी एकदा अंगात ताप होता म्हणून त्यांनी दोन किलोमीटरचा तुकडा न चालताच 'सगळं ठीक' असं सांगितलं. झालं काहीच नाही, कोणाला कळलंही नसतं. पण दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ आपणहून साहेबापुढे उभा राहिला, "काल मी चाललो नाय साहेब." वर्षाची पगारवाढ गेली. अर्धं गाव म्हणायचं देवमाणूस, अर्धं म्हणायचं येडा. फारुख लहानपणापासून देवमाणूस म्हणणाऱ्यांत होता. दहावीनंतर आयटीआयचा फॉर्म बाबांनीच आणून दिला, रेल्वेच्या परीक्षेचाही त्यांनीच, आणि पहिल्या नेमणुकीला निघताना सांगितलं, "इंजिनात बसला म्हंजे राजा झाला असं नाय. खाली कोणीतरी हातोडा घेऊन चालतंय, ते ध्यानात ठेव."

पूर्वी पिंपळथडीला पॅसेंजर थांबायची. पुढे जुन्या पॅसेंजर गेल्या, त्यांच्या जागी मेमू आली, आणि वेळापत्रकातून पिंपळथडीचं नाव गळालं. स्टेशन कसलं, एक उघडा फलाट, दोन सिमेंटचे बाक आणि एक पत्र्याची शेड. पण निफाडच्या एसटी फाट्यापर्यंत सहा किलोमीटर जायला वाहन नसलेल्यांचं सगळं त्याच्यावर होतं. सहादूबाबांनी अर्ज सुरू केले. तीन वर्षं. या ऑफिसातून त्या ऑफिसात, पिशवीत भाकरी बांधून. शेवटी सकाळची नाशिककडे जाणारी शटल आणि संध्याकाळची परतीची, असा एकेक मिनिटाचा थांबा मिळाला. सहा महिने, प्रायोगिक तत्त्वावर. लोक चढले-उतरले तर पुढे चालू, नाहीतर बंद. बाबा रोज सकाळी खराटा घेऊन फलाट झाडू लागले. कोणी सांगितलं नव्हतं.

आणि त्याच हिवाळ्यात फारुखला बढती मिळाली. मालगाडीवरून पॅसेंजरवर. पहिलीच ड्युटी सकाळच्या शटलची.

पहिल्या दिवशी गावाने हसं व्हायचंच बाकी ठेवलं. हार, नारळ, पेढे. अनवरीबी फलाटावर येऊन गाडीच्या नाकाडावरून हात फिरवून गेली. एका मिनिटाचे चार झाले, शेवटी मागून योगेश गार्डने घंटी वाजवून वाजवून गाडी काढायला लावली. सहादूबाबांची नात निकिता नाशिकरोडला नर्सिंग शिकत होती. ती चढता चढता म्हणाली, "फारुखकाका, आता तिकीट काढायचं का नाय?" बाबा खालून ओरडले, "काढायचं. दोन काढ." दुसरा आणि तिसरा दिवसही असाच, हार वजा करून.

चौथा दिवस गुरुवारचा. सात वाजायला दहा कमी. आभाळ असं लख्ख होतं की दूरच्या द्राक्षबागेतल्या तारासुद्धा मोजाव्यात. फारुख केबिनमध्ये एकटा. पिवळी पाटी आली. पहिले तीन दिवस अनवरीबी फलाटावरच असायची. त्या दिवशी मात्र ती घरी होती, मागच्या दारात, हातात पदर घेऊन. अकरा वर्षं उभी राहायची तशी. फारुखने तिला पाहिलं आणि हाताने आपलं काम केलं. दोन आखूड, एक लांब, शेपटी. डावा हात खिडकीबाहेर. आणि अकरा वर्षांत शिट्टीनंतर जे होत आलं तेच झालं, गाडी पुढे गेली.

फाटक गेलं. फलाट आला. फलाटावर आठ माणसं होती. मेथीच्या जुड्यांचं गाठोडं घेतलेल्या मंगलाबाई, निकिता आणि तिच्या दोन मैत्रिणी, दवाखान्यात निघालेला गेणू आणि त्याची बायको, कामाला जाणारे दोघे. खराट्यावर रेललेले सहादूबाबा धरले तर नऊ. त्यांनी शिट्टी ऐकली होती. सगळ्यांनी हसून हात वर केले. आणि फारुखनेही, खिडकीतून बाहेर काढलेला तोच हात, त्यांच्याकडे बघून हलवला. चांगला जोरात हलवला.

शेवटचा बाक मागे गेला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. ब्रेक लावला. मागून योगेशची घंटी वाजली. तो बिचारा वहीत वेळ लिहीत बसला होता, मान वर केली तर फलाट संपलेला. गाडी थांबली ती दीड किलोमीटर पुढे, कोणाच्या तरी कोथिंबिरीच्या शेताशेजारी. गाडी मनाला येईल तशी मागे नेता येत नाही. कंट्रोलला विचारलं, उत्तर आलं, पुढे या. पिंपळथडीला उतरणारे दोघे पुढच्या स्टेशनपर्यंत गेले, त्यातल्या एकाने मोबाइलवरून तक्रार केली.

नाशिकरोडला उतरल्यावर कागद पुढे आला. का थांबला नाहीत, लिहा. फारुखने पेन उचललं. 'आईला हात केला आणि थांबायचं विसरलो' हे बेचाळीस वर्षांच्या माणसाने सरकारी कागदावर लिहायचं कसं? त्याने लिहिलं, 'दाट धुक्यामुळे फलाट वेळेत दिसला नाही.' लिहिताना खिडकीतून ऊन त्याच्या हातावर पडलं होतं.

चौकशीला इन्स्पेक्टर साहेब चार दिवसांनी पिंपळथडीला आले, दुपारी. फारुखलाही बरोबर आणलं. गाव जमलं. साहेब बरा माणूस होता, आवाज न चढवता विचारत होता.

"त्या दिवशी गाडीसाठी किती जण थांबले होते?"

सगळ्यांनी सहादूबाबांकडे बघितलं. ते पुढे आले.

"फलाटावर कोणी नव्हतं साहेब."

"कोणीच नाही?"

"गुरुवार व्हता. गुरुवारी कोण जातंय?"

"आणि धुकं?"

"लय. हाताला हात दिसंना."

निकिता बाबांच्या मागे उभी होती. तिने तोंड उघडलं, आधी आजोबांकडे पाहिलं, मग फारुखकडे. मग तोंड मिटलं. मंगलाबाई, ज्यांच्या मेथीचा त्या दिवशी पाचोळा झाला होता, त्या पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिल्या. फारुखला वाटलं, आता बोलावं. एक वाक्य बोलायचं होतं. तो सिमेंटच्या बाकाकडे बघत राहिला. त्याच्या मनात लाज होती, आणि लाजेच्या खाली, तिच्याहून मोठा, सुटल्याचा आनंद होता. या आनंदाची लाज त्याला नंतर वाटली, तेव्हा नाही.

"म्हणजे उतरणारे दोघे सोडले तर गैरसोय कोणाचीच झाली नाही," साहेबांनी लिहिलं. सहादूबाबांनी सही केली. खाली फारुखने. ताकीद मिळाली, आठ दिवसांचं प्रशिक्षण झालं, आणि फारुख पुन्हा शटलवर आला. आता तो पिंपळथडीला फलाट दिसायच्या आधीपासून ब्रेकवर हात ठेवायचा. गाव त्याला पूर्वीसारखंच हात करायचं. त्याचा हात मात्र बाहेर येईना.

दीड महिन्याने ड्युटीवर जाताना सूचनांच्या रजिस्टरमध्ये नवा कागद लागला. प्रत्येक डायव्हरने वाचून सही करायची असते. पिंपळथडी हॉल्टचा प्रायोगिक थांबा सोमवारपासून रद्द. कारणही दिलं होतं, 'ग्रामस्थांच्याच जबाबानुसार सकाळच्या वेळी फलाटावर एकही प्रवासी नसल्याने थांब्याची आवश्यकता दिसत नाही.' मागे दोघेजण सहीसाठी खोळंबले होते. फारुखने सही केली.

सोमवारी तो पिंपळथडीवरून न थांबता गेला, आणि यावेळी अगदी नियमाने. पिवळी पाटी आली. शिट्टी द्यावी लागली, फाटक आहे. त्याने एकच दिली, सरळसोट, बिनशेपटीची. फाटक बंद होतं, त्याच्याच गाडीसाठी. फाटकाशी एका मोटरसायकलवर मागे निकिता बसली होती, निफाडच्या फाट्यावर एसटी गाठायला निघालेली. ती मोबाइलवर वेळ बघत होती. गाडी आली तशी तिने मान वर केली, तिचा हात अर्धा वर आला, आणि मग तिने त्या हाताने ओढणी सारखी केली. ज्या गाडीने तिने जायचं, तीच गाडी निघून जायची वाट बघत पोर फाटकाशी अडकली होती. असं माझ्या बाबतीत झालं असतं तर मी दगड मारला असता. तिने ओढणी सारखी केली.

गुरुवारी सुट्टी होती. फारुख गावी गेला. सहादूबाबा फलाट झाडत होते. थांबा नसलेला फलाट.

"बाबा, तुम्ही कोणी नव्हतं म्हणालात, त्याच्यावरच थांबा गेला."

"ठाऊक हाय."

"नोटीस वाचली तुम्ही?"

"नोटिशीच्या आधीपासून ठाऊक हाय. चाळीस वर्षं रेल्वेचं खाल्लं मी. फलाटावर कोणी नव्हतं म्हणलं की साहेब पुढं काय लिहील, हे मला नाय कळणार?"

फारुख बाकावर बसला. इतके दिवस त्याने स्वतःची एवढीच समजूत घातली होती की गाव भोळं आहे, बोलून गेलं, त्यांना कुठे माहीत होतं. तीही गेली.

"मग का म्हणालात?"

"तुझी अम्मा आली व्हती आदल्या दिवशी. बोलली नाय काही. नुसती वट्यावर बसली." बाबांनी खराटा आपटून झटकला. "थांब्याचं काय, तीन वर्षं अर्ज केले, आणखी तीन करू. मला दुसरं काय काम हाय?"

"मी जाऊन खरं सांगतो."

खराटा थांबला. "नको सांगू. तू खरं सांगितलं म्हंजे मी खोटा पडलो. सही माझी हाय त्याच्यावर." आणि मग, फारुखने त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता, "म्हातारपणी मला त्या हापिसात उभा नको करू, फारुख्या."

"बरं," फारुख म्हणाला. निघताना निकिता घरातून बाहेर आली, "काका, चहा टाकलाय, घेऊन जा." तिच्या बोलण्यात राग नव्हता. दोनदा एसटी चुकली, हजेरी कमी भरतेय, हे त्याला आईकडून कळलं. चहा त्याला नको होता, पण त्याने तो संपवला. टाकून द्यायला तोंड नव्हतं.

पुढचे नऊ दिवस त्याने 'बरं' पाळलं. नऊ सकाळी पाटी, शिट्टी, बंद फाटक. कधी निकिता असायची, कधी गाठोडं घेतलेल्या मंगलाबाई. दोन्ही गोष्टी लाजेच्याच होत्या, गप्प राहणंही आणि म्हाताऱ्याला दिलेला शब्द मोडणंही. दहाव्या दिवशी त्याने ड्युटी संपवली, ऑफिसात गेला आणि कागद मागितला. तिथला कारकून चांगला होता, म्हणाला, "बंद झालेली फाइल आहे पिंजारी, कशाला उकरता? परत मालगाडीवर घालतील." फारुख खुर्ची ओढून बसला. त्याने आठही नावं लिहिली. कोण कुठे निघालं होतं तेही लिहिलं. 'धुकं नव्हतं. मी त्यांना पाहिलं. त्यांनी हात केला, मीही केला, आणि गाडी पुढे नेली.' सहादूबाबांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. त्यांचं नावच घेतलं नाही म्हणजे ते वाचतील, असं त्याला वाटलं. एवढी वर्षं रेल्वेत काढून त्याला फाइल कळली नव्हती. दोन जबाब जुळत नाहीत म्हटल्यावर फाइल दोघांनाही बोलावते.

बाबा आले. परीटघडीचा सदरा, टोपी, निवृत्तीच्या दिवशी मिळालेली शाल खांद्यावर. फारुख शेजारच्या खुर्चीवर होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. नवीन साहेब बाबांच्या नातवाच्या वयाचा.

"बाबा, यांचं खरं की तुमचं?"

"त्याचं."

"मग तुम्ही?"

"मी खोटं बोललो, साहेब."

साहेबाने पेन ठेवलं. "रेल्वेचे माणूस तुम्ही. अजून पेन्शन घेता. तुमच्याकडून तरी ही अपेक्षा नव्हती." बाबांनी मान खाली घातली आणि शालीचं टोक बोटांनी सारखं करत बसले. तापातला न चाललेला तुकडा आपणहून सांगणारा माणूस. बाहेर आल्यावर फारुख म्हणाला, "बाबा, मी घरापर्यंत सोडतो." बाबा म्हणाले, "एसटी हाय." आणि चालू लागले.

थांबा पुन्हा तीन महिन्यांसाठी मिळाला. मोजणीला माणूस येऊन बसला, त्याला रोज वीस-बावीस डोकी दिसली. फारुखला एक वर्षासाठी मालगाडीवर परत पाठवलं. ते त्याला सजेसारखं वाटलं नाही, उलट जरा झोप लागू लागली.

मार्चमध्ये एका सकाळी तो सिमेंटची गाडी घेऊन पिंपळथडीवर आला, शटलच्या पंधरा मिनिटं आधी. पाटी आली. अनवरीबी दारात होती. तिच्याकडे बघून त्याने कितीतरी दिवसांनी शेपटीची शिट्टी दिली आणि हात बाहेर काढला. फाटक गेलं. फलाटावर शटलची वाट बघणारी माणसं होती, आठाहून कितीतरी जास्त. निकिताने हात केला. मंगलाबाईंनी गाठोडं खाली ठेवून हात केला. फलाटाच्या टोकाला सहादूबाबा झाडत होते. गाडी त्यांच्याजवळ आली. चाळीस वर्षं आणि वर निवृत्तीची आणखी बारा, ज्यांनी एकही गाडी न बघता जाऊ दिली नव्हती, ते बाबा गाडीकडे पाठ करून उभे राहिले आणि झाडून झालेली जागा परत झाडू लागले.

अठ्ठावन्न डबे त्यांच्या पाठीमागून गेले. फारुखने हात आत घेतला आणि खिडकीची काच लावली.